पाळीव सोबती : बुंदीचे मागचे पाय गेले, आता पुढे काय?

या वेळी कुत्रे-मांजरवाल्यांनी थोडं थांबावं. टपालात एक पत्र सशाचं आहे, आणि त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर हवं. म्हणून निम्म्याहून जास्त जागा त्यालाच देते. शेवटी दोन छोटी पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमच्याकडे अडीच वर्षांची ससुली आहे, बुंदी. मे महिन्यात भाचा राहायला आला होता. त्याने तिला उचललं, तिने लाथा झाडल्या आणि ती हातातून निसटली. तेव्हापासून मागचे दोन्ही पाय ओढत पुढच्या पायांवर सरकते. एक्स-रेमध्ये कमरेचा मणका मोडल्याचं दिसलं. पिंजऱ्यात विश्रांती झाली, औषधं झाली, पण पाय हलत नाहीत. खाणं चांगलं आहे, हाक मारली की कान टवकारते. पण सतत ओली असते, पोटाखालची कातडी लाल झालीय, घरात वास येतो. आमचं घर वन बीएचके, माणसं पाच. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाचे हाल कशाला, डॉक्टरांना सांगून सुई द्या. ते ऐकून मुलगा ताटावरून उठला, त्याची यंदा दहावी आहे. मोबाइलवर चाकाची गाडी लावलेला ससा बघितला, तशी घ्यावी का? डायपर चालेल का? आणि गणपतीला आम्ही सगळे कणकवलीला जातो, तेव्हा हिचं काय करायचं?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, सासूबाईंचा राग धरू नका. त्यांना दिसताहेत ते खरंच हाल आहेत. फक्त ते मोडलेल्या मणक्यापेक्षा लघवीत भिजलेल्या कातडीचे जास्त आहेत. मणका परत जोडणं तुमच्या-माझ्या हातात नाही, कातडी कोरडी ठेवणं आहे. तेव्हा सुईचा विषय तीन आठवडे बाजूला ठेवा. आधी बुंदी कोरडी होऊ दे, मग ती कशी दिसते ते बघू आणि बोलू.

भाच्यालाही दोष देऊ नका. सशाचा सांगाडा फार हलका असतो. शरीराच्या वजनात हाडांचा वाटा जेमतेम सात-आठ टक्के, मांजरात तो बारा-तेरा असतो. त्या नाजूक हाडांवर मागच्या पायांचे दणकट स्नायू. मागचा भाग अधांतरी राहिला आणि सशाने जोरात लाथ झाडली, की त्याच्याच ताकदीने कमरेचा शेवटचा मणका मोडतो. बुंदीचा मणका कदाचित जमिनीवर आपटण्याआधीच मोडला असेल. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि ससा आपल्या अंगाला टेकलेला, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवा. मुलांनी तर जमिनीवर मांडी घालूनच घ्यायचा. कान धरून कधीही नाही.

आता ओल. ती कुठून येते हे आधी कळायला हवं, कारण शक्यता दोन आहेत. एक, मूत्राशयावर ताबाच नाही आणि लघवी होईल तशी गळते. दुसरी, मूत्राशय तुडुंब भरतं, ते रिकामं करता येत नाही आणि वरचं तेवढं सांडत राहतं. बाहेरून दोन्हीकडे ओला ससाच दिसतो. पण दुसऱ्या प्रकारात दिवसातून दोन-तीन वेळा हाताने हलका दाब देऊन मूत्राशय रिकामं करावं लागतं, नाहीतर संसर्ग होतो आणि चुन्यासारखा गाळ साठतो. हे दाबणं वाचून किंवा व्हिडिओ बघून शिकायचं नाही. डॉक्टरांच्या हातावर तुमचा हात ठेवून शिका. जोर चुकला तर मूत्राशय फुटू शकतं.

त्याच भेटीत आणखी एक विचारा : मागच्या पायाच्या बोटाला चिमटा काढल्यावर बुंदीला खोलवर दुखतं का? इथे घोटाळा होतो. पाय मागे ओढला म्हणजे दुखलं असं नाही, ती नुसती मज्जारज्जूची प्रतिक्रिया असू शकते. तिने मान वळवून बघितलं, दचकली, चावायला आली, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली. पोचत असेल तर थोडं बळ परत येण्याची आशा धरायला जागा आहे. पोचत नसेल तर ही चालणार नाही असं धरून घर लावायचं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पुढचं सगळं तेच.

सशांची सवय असलेले डॉक्टर मुंबईत आहेत, पण गल्लोगल्ली नाहीत. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, तिथेच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. कुठेही जा, आधी फोन करून ससे बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचारा. माझ्या पिढीने अभ्यास केला तो म्हशी, बैल आणि घोड्यांचा. ससा बहुतेकांनी पुढे पेशंटकडूनच शिकला.

घरी काय करायचं ते सांगते. पिंजऱ्यातला भुसा आणि वर्तमानपत्र आजच काढा. भुसा ओल्या कातडीला चिकटतो, कागदावरून पुढचे पाय घसरतात. तळाला मेणकापड, त्यावर लहान बाळासाठी मिळतं ते पाणी शोषणारं ड्राय शीट, आणि वर जाड फ्लीसचं कापड. फ्लीसमधून ओल खाली उतरते आणि वरचा थर बऱ्यापैकी कोरडा राहतो. कापडांचे चार-पाच जोड करा. पावसात कपडे वाळत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणूनच चार-पाच. सुती साडीच्या गोधड्या दिसायला छान, पण त्या ओल धरून ठेवतात. त्या बुंदीच्या दोन्ही बाजूंना गुंडाळी करून ठेवा, टेकायला उपयोगी पडतील. टाइल्सवर जिथे ती सरकते तिथे जुनी योगा मॅट अंथरा. वास घालवायला फिनाइल नको. सशाच्या लघवीत कॅल्शियम भरपूर असतं, त्याचे पांढरे डाग साध्या व्हिनेगरने निघतात आणि डागांबरोबर निम्मा वास जातो.

सकाळ-संध्याकाळ तिला मांडीवर उलटं न करता थोडं उचलून मागचा भाग बघायचा. घाण असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा (घासू नका) आणि पूर्ण कोरडा करा. सबंध ससा पाण्यात बुडवायचा नाही, घाबरून आणि गारठून जातो. केस कापून आखूड ठेवा, पण कात्री स्वतः चालवू नका. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, केसांबरोबर तीही कापली जाते. टाल्कम पावडर नको, नाकात जाते. बाळाचं रॅश क्रीमही नको, त्यात बहुतेक वेळा झिंक असतं आणि ससा चाटून साफ करतो. लाल कातडीला काय लावायचं ते डॉक्टर लिहून देतील. वेदनाशामकही तेच देतील, आणि ते मागून घ्या. खातेय म्हणजे दुखत नाही, असं नसतं.

घरात उरलेलं अँटिबायोटिक मात्र चुकूनही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावतो. हे केमिस्टला माहीत असेलच असं नाही.

आता जरा किळसवाणं वाटेल, पण वाचा. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कडक, गोल, त्या तुम्ही रोज झाडता. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या, त्या तो थेट ढुंगणाला तोंड लावून खातो. त्यात त्याची जीवनसत्त्वं असतात. बुंदीचं तोंड तिथवर आता पोचत नसणार. म्हणून त्या मागे चिकटतात, आणि वास येतो त्यात त्यांचाही वाटा आहे. सापडल्या तर स्वच्छ चिमट्याने तिच्या तोंडापुढे धरा. खाल्ल्या तर उत्तम, नाही तर काढून टाका.

त्या चिकटलेल्या घाणीवर माशी बसते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मला खरी भीती तिची वाटते. माशीने घातलेली अंडी बारा ते चोवीस तासांत फुटतात, आणि अळ्या जिवंत कातडी पोखरत आत जातात. लुळ्या सशाला ते जाणवतही नाही. सकाळी ठीक असलेला ससा दुसऱ्या संध्याकाळी मरणपंथाला लागलेला मी पाहिलाय. खिडकीला जाळी बसवा, आणि दिवसातून दोनदा मागचा भाग बघणं कुणाच्याही परीक्षेसाठी, लग्नासाठी चुकवू नका. अळी दिसली तर रात्र आहे की रविवार, हे न बघता निघायचं. एक गोष्ट ठळक लिहून ठेवा : कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिलचं औषध सशाला चालत नाही, त्याने ससे मेले आहेत. दुकानदार 'सगळ्या प्राण्यांना चालतं' म्हणाला, तरी नाही.

एक काम कुणाच्या लक्षात येत नाही. ससा कान मागच्या पायाने खाजवतो. बुंदीला आता ते जमत नाही, म्हणजे कानात मळ साठणार. आठवड्यातून एकदा कानात डोकावा. बोटाने कानामागे, कानाच्या मुळाशी खाजवून द्या. ती डोळे मिटून दात हलके वाजवेल, हे सुखाचं लक्षण. मोठ्याने करकर दात खात असेल, पाठ कुबड काढून बसली असेल, तर ते दुखण्याचं. नखंही झिजणार नाहीत, महिना-दीड महिन्याने कापून घ्या.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणजे चालू आहे ते बरोबर असं गृहीत धरलंय. मला तसं वाटत नाही, कारण सशाच्या बहुतेक घरांत गाजर आणि पेलेटच (पाकिटातल्या खाद्याच्या गोळ्या) चालतं. पोटाचा ऐंशी टक्के भाग गवताने भरला पाहिजे. सशाचे दात वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. आणि जो ससा कमी हालतो, त्याचं आतडं चालू ठेवायला तंतूच लागतात. टिमोथीचं सुकं गवत ऑनलाइन मिळतं, महाग आहे. जोडीला ताजी हरळी द्या. दादरच्या फुलबाजारात दुर्वांच्या जुड्या मिळतात, धुवून, कोरड्या करून घाला. बाप्पाला वाहिलेल्या नकोत, त्यांना कुंकू लागलेलं असतं. तबेल्यातून लसूणघास आणून देणारे असतात, ती टाळा. तिच्यात कॅल्शियम फार, बुंदीच्या मूत्राशयात गाळ नको. पालकही क्वचित. कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालेल. पेलेट दोन चमचे पुरे, कारण वजन वाढलं की सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पाणी बाटलीऐवजी जड, पसरट वाडग्यात. लघवी कधी लालसर दिसली तर लगेच हाय खाऊ नका, पाल्यातल्या रंगद्रव्यानेही ती तशी होते. बारा तासांत काही खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर मात्र थांबायचं नाही.

उकाड्याचंही बघा. सशाला घाम येत नाही, तो उष्णता कानांवाटे टाकतो आणि तीस अंशांच्या वर धापा टाकू लागतो. लुळी बुंदी स्वतःहून गार फरशीवर सरकू शकत नाही. कडप्प्याचा एक तुकडा तिच्या शेजारी ठेवा, दुपारी फ्रिजरमधली बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून द्या. ऑक्टोबरमध्ये तुम्हाला हे आठवेल.

चाकाची गाडी? आज नको. कुत्र्याचा भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागे चाकं लावली की तो धावतो. सशाचा भार मुळात मागे असतो, पुढचे पाय किरकोळ. गाडीत थोडा वेळ, कुणीतरी समोर बसलेलं असताना, काही ससे छान फिरतात. पण गाडीत तासन् तास ठेवलेल्या सशाचे पुढचे पाय सुजतात. आधी पुढच्या पायांची ताकद डॉक्टरांना दाखवा. तोवर मागच्या पायांचे सांधे रोज थोडा थोडा वेळ हलक्या हाताने वाकवा-सरळ करा, नाहीतर आखडून बसतील. हे काम तुमच्या दहावीवाल्याला द्या. त्याला काहीतरी करायचंय, म्हणून तो ताटावरून उठला.

डायपर फक्त डॉक्टरांकडे जातानाच्या प्रवासापुरता. दिवसभर घातला तर ओल आत कोंडते, आणि तुमची अर्धी तक्रार ओलीचीच आहे.

आता कणकवली. बुंदीला नेऊ नका. गणपतीच्या गर्दीतला रात्रभराचा प्रवास, गावच्या घरातले ढोल आणि फटाके, घाबरून तिने अंग झटकलं तर मोडलेल्या मणक्याला आणखी इजा होईल. दार उघडं, मांजरं फिरताहेत, हे वेगळंच. 'खाणं-पाणी ठेवून जातो, शेजारी बघतील' हेही चालणार नाही. रोज दोनदा मागचा भाग तपासणारं आणि गरज पडली तर मूत्राशय रिकामं करणारं माणूस लागेल. आत्ता जुलै आहे. शेजारची एखादी कॉलेजची मुलगी किंवा दवाखान्यातला मदतनीस बघा, पैसे ठरवा, आणि निघण्याआधी तिच्याकडून तुमच्या समोर चार-पाच वेळा करून घ्या. सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावा, डॉक्टरांच्या नंबरासकट. असं कुणी मिळालं नाही तर घरातला एकजण मागे राहील. सासूबाई राहतील असं मी म्हणत नाही, गणपतीसमोर माटवीखाली त्यांच्याशिवाय कोण बसणार! पण यजमानांना चार दिवस एकट्याने पिठलं-भात खाऊन राहता येतं.

तीन आठवड्यांनी काय बघायचं? कातडी भरून आली का. स्वतःहून खाते का. तुम्ही कोथिंबिरीची पिशवी उघडल्यावर इकडे तोंड करते का. हे होत असेल तर सासूबाईंना मांडीवर द्या तिला, कोरडी बुंदी बघून त्या काय म्हणतात ते मला कळवा. पण सगळं करूनही जखमा भरत नसतील, खाणं सुटलं असेल, औषधाने दुखणं आवरत नसेल, तर दयामरण मागण्यात लाज नाही. आणि त्या दिवशी मुलाला खोटं सांगू नका, दवाखान्यात बरोबर न्या. रोजची ही उस्तवार नोकरी, आजारपण, जागा यांमुळे तुम्हाला झेपलीच नाही, तरी तेही डॉक्टरांना सरळ सांगा. ओल्या कापडावर महिनोन् महिने पडून राहणं हे काही जगणं नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझा गिनीपिग लाडू महिन्याभरापासून चालत नाही, मागचे पाय ओढतो, हात लावला की ओरडतो. तो पडला नाहीये. आम्ही त्याला सशाचे पेलेट आणि काकडी देतो. त्याला लकवा झालाय का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : पडला नाही, आणि हात लावला की ओरडतो, म्हणजे मला लकव्याचा संशय कमी आणि तुझ्या पेलेटचा जास्त आहे. गिनीपिगला तुझ्या-माझ्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, सशाला येतं. म्हणून सशाच्या पेलेटमध्ये ते घालत नाहीत. ते मिळालं नाही की सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि प्राणी दुखतं म्हणून चालणं सोडतो. याच आठवड्यात बाबांबरोबर डॉक्टरांकडे जा, कारण पाय मोडल्यावरही असंच दिसतं आणि औषधाचं प्रमाण त्यांनीच ठरवायचं. तोवर रोज शिमला मिरचीची मोठी फोड आणि पेरूचा छोटा तुकडा दे. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत घालू नकोस, काही तासांत त्यांचा उपयोग संपतो आणि चव बदलल्यामुळे लाडू पाणीही पिणार नाही. गिनीपिगचे पेलेट आण, पाकिटावरची तारीख बघून. जुन्या पाकिटातलं जीवनसत्त्व उडून गेलेलं असतं. कारण हेच असलं तर आठवड्याभरात फरक दिसायला लागेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या झाडाखाली पोपटाचं पिल्लू सापडलं. एक पंख वाकडा आहे, उडू शकत नाही. दूध-पोळी आणि हिरवी मिरची खातं. आता घरचंच झालंय. पिंजरा कोणता घ्यावा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : कोणताही नाही. आपला हिरवा पोपट वन्यजीव आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो घरी ठेवता येत नाही, पंख वाकडा असला तरी. १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करा आणि पिल्लू कधी, कुठे सापडलं ते सांगा. वाकडा पंख लवकर बांधला तर काही वेळा सरळ जुळतो, उशीर झाला तर तसाच राहतो, म्हणून हा फोन उद्यावर टाकू नका. ते येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली फडकं घालून, अंधारात आणि उबेत ठेवा, मुलांना दाखवायला काढू नका. दूध-पोळी ताबडतोब बंद, पक्ष्यांना दूध पचत नाही. मिरचीची काळजी नको, पोपटाला ती तिखट लागतच नाही.